पेन्शनवर आलेल्या फौजीचं ताट

प्रश्न : मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं नोकरी करून मागच्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. गाव सातारा तालुक्यात. वय ४३, उंची १७० सेंमी. नोकरीत वजन ६८ किलो होतं, चौदा महिन्यांत ८१ झालं. सध्या एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा नाइट. रोज ५ किमी पळतो तरी पोट हलत नाही. परवा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.० आलं. पाच महिन्यांनी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे. जिमच्या ट्रेनरने मास गेनर पावडरचा डबा घ्यायला सांगितलाय. मुलगा १८ वर्षांचा, अग्निवीर भरतीची तयारी करतो, तोही तोच डबा मागतोय. घ्यावा का? माझा एक जोडीदार सुरुंगात पाय गुडघ्याखाली गमावलेला आहे, कृत्रिम पायावर चालण्याचा सराव करतो. त्यालाही हाच आहार चालेल का?

उत्तर :

हवालदारसाहेब, डबा घेऊ नका. तुम्हालाही नको आणि मुलालाही नको. कारण पुढे सांगते. आधी त्या तेरा किलोंचा हिशेब मांडू, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक माजी सैनिक पहिल्या भेटीत गुन्हा केल्यासारखे बसतात. "मॅडम, शिस्त मोडली," हे त्यांचं पहिलं वाक्य असतं.

एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. तेरा किलोंच्या झाल्या सुमारे १ लाख. चौदा महिन्यांच्या ४२० दिवसांत वाटल्या, तर रोज साधारण २४० कॅलरी जास्त गेल्या. तुपाचं बोट लावलेल्या दोन चपात्या, एवढंच. याला खादाडपणा म्हणत नाहीत.

मग हे झालं कसं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले, त्यांत ६५ किलोच्या पुरुषाला जड कामासाठी दिवसाला ३,४७० कॅलरी धरल्या आहेत आणि बैठ्या कामासाठी २,११०. मधला फरक १,३६०. पलटणीत पहाटेची पीटी, दुपारचं फटीग म्हणजे अंगमेहनतीची कामं, संध्याकाळचे गेम्स, वर पाठीवर वजन घेऊन पळणं, हे सगळं त्या पहिल्या आकड्यात होतं. आता गेटवरच्या खुर्चीत आठ तास जातात. तुमच्या वजनाचा माणूस ५ किमी पळतो तेव्हा साधारण ४०० कॅलरी खर्च होतात, दर किलोमीटरला किलोमागे एक, असा सोपा हिशेब. म्हणजे कमी झालं तेराशेचं काम आणि भरून निघाले चारशे. उरलेल्यातलं बरंचसं तुम्ही नकळत कमी खाऊन भागवलंत, म्हणून तर वाढ २४० वर थांबली. पळून पोट जात नाही याचं कारण एवढंच आहे. पळणं चालूच ठेवा, पण वजनाची सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

ते २४० कुठून येतात, हे मी घरी जाऊन बघते. गेल्या पावसाळ्यात कोरेगाव तालुक्यात एका निवृत्त नायकांकडे गेले होते. "गोड मी खातच नाही," असं ते ठामपणे सांगत होते आणि आत वहिनी चहा टाकत होत्या. साखरेचा चमचा आधणात जायच्या आत मी त्यांना थांबवलं, पिशवीतला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि तो चमचा त्यावर रिकामा करायला सांगितला. १४ ग्रॅम भरली. चमचा भाजी वाढायचा होता. कपाला एक चमचा, दिवसाला सात कप. ९८ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ ३९० कॅलरी. ते काट्याकडे बघतच राहिले. खोटं ते बोलले नव्हते, चहाला ते गोडात धरतच नव्हते. लंगरवरचा, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातला, चहाही तसाच होता, फक्त तिथे तो पीटीत जिरून जायचा. आम्ही चहा बंद केला नाही. चमचा बदलला, कप चारवर आणले. सकाळच्या पारावरच्या चहाला हात लावायचा नाही असं ठरलं, कारण गावात परतलेल्या माणसाला त्या पारावरची बैठक फार गरजेची असते.

तुम्ही लिहिलेलं नाही, तरी विचारते, कारण जवळजवळ प्रत्येकाला विचारावं लागतं. कॅन्टीनचा दारूचा कोटा घरी येतो का? रमचा ६० मिलीचा पेग १४० कॅलरींच्या आसपास जातो. दोन पेग झाले की तुमचे २४० तिथेच भरले, शेंगदाणे आणि फरसाण वेगळं. शिवाय झोप उथळ होते आणि व्यायामानंतर स्नायूंची दुरुस्ती मंदावते. पीत असाल तर आठवड्यातून एकदा, तेही जेवणाबरोबर, नाइटच्या आठवड्यात अजिबात नाही.

अजून एक सवय फौजेतूनच येते. पाच-दहा मिनिटांत ताट संपवायचं, आणि मिळतंय तोवर पोट भरून घ्यायचं. उंचावरच्या पोस्टिंगवर भूक मरते, वजन उतरतं, मग सुट्टीवर आल्यावर आई-बायको महिनाभर भरवतात. वर्षानुवर्षं शरीराने हेच चक्र पाहिलंय. आता उतरणं थांबलं, भरणं चालू राहिलं. म्हणून सांगते, एक भाकरी संपल्यावर पाच मिनिटं थांबून दुसरी घ्या.

आता ताट. तुम्हाला सगळ्यात जास्त कमी पडतंय ते प्रथिन. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजायला लागतात आणि वजन उतरवताना तर चरबीबरोबर स्नायूही जातो. तो वाचवायचा तर पुरेसं प्रथिन आणि वजन उचलण्याचा व्यायाम, दोन्ही हवेत. सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम पुरतं, खेळाडूंना १.२ ते २ लागतं. तुमच्यासाठी ७० किलो वजन धरून किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला १०५ ग्रॅम धरू. त्याआधी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), युरिक ॲसिड, लिपिड, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. किडनीत काही निघालं तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

१०५ ऐकायला मोठं वाटतं, घरात भागतं. सकाळी दोन अख्खी अंडी, दोन पांढरे आणि पेलाभर दूध, हे झाले पंचवीस-सव्वीस. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, घट्ट मटकीची उसळ आणि वाटीभर दही, आणखी पंचवीस. पाचला मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे, बारा-तेरा. रात्री १५० ग्रॅम चिकन आणि एक भाकरी, जवळपास चाळीस. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत असाल तर रात्री कोरडे ४० ग्रॅम सोयाबीनचे तुकडे भिजवून भाजीत घाला, वीस ग्रॅम तिथे मिळतात, वर वाटीभर ताक. माळ असेल तर दूध, दही, पनीर, सोया यांवरच रोजचा आकडा गाठायचा. थोडा कमी पडला तरी काळजी नको. मात्र तिन्ही वेळच्या जेवणात प्रथिन आलं पाहिजे. आपल्याकडे दिवसभर पातळ आमटी आणि रविवारी अर्धा किलो मटण असा प्रकार चालतो, त्याने स्नायूला फायदा होत नाही. आठवडाभराचं प्रथिन एका जेवणात भरून निघत नाही.

भाकरीबद्दल दोन शब्द. सैन्याने २०२३ मध्ये ज्वारी, बाजरी, नाचणी पन्नासहून जास्त वर्षांनी पुन्हा रेशनमध्ये आणली, याचा मला मनापासून आनंद झाला. पण ज्वारी खाऊन वजन उतरतं असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. शंभर ग्रॅम पिठामागे ज्वारी आणि गहू दोन्हीत सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी असतात. भाकरी पोटाला धरून राहते, तिच्यावर तेल लागत नाही, म्हणून मी ती सांगते. मोजून खायची मात्र ती पण.

भात-भाकरी कामाप्रमाणे वरखाली करा. ज्या दिवशी लांब पळणं आहे त्याच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी भाकरी-भात नेहमीपेक्षा जास्त. ज्या दिवशी फक्त ड्यूटी आहे त्या दिवशी एक भाकरी कमी, भाजी-उसळ दुप्पट. फौजेत ड्यूटी रोस्टर बघून तयारी व्हायची, तसंच हे. नाइटचा आठवडा वेगळा. रात्रीच्या वेळी शरीर साखर नीट हाताळू शकत नाही, आणि तुमचं एचबीएवनसी ५.७ ते ६.४ या मधुमेहपूर्व पट्ट्यात आहे. म्हणून मुख्य जेवण ड्यूटीवर जायच्या आधी आठला. रात्री बारा ते चार काही जड नको. भूक लागलीच तर उकडलेलं अंडं, फुटाणे, ताक. तीनच्या सुमाराला झोप उडवायला जो चहा-बिस्किटाचा राउंड होतो, त्यात चहा बिनसाखरेचा घ्या, बिस्कीट सोडा. सकाळी घरी आल्यावर हलका नाश्ता, झोप, आणि पळणं संध्याकाळी. नाइट करून आल्या आल्या पळायला जाणारे गुडघे किंवा टाच दुखवून बसतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

वजन किती उतरवायचं? ६८ चा हट्ट आत्ता सोडा. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, २००२ साली तो प्रसिद्ध झाला, सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम असं लक्ष्य ठेवलेल्या लोकांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो. ७५ वर आलात की शर्यतीलाही सोयीचं आणि साखरेलाही. रोज ३०० ते ४०० कॅलरी कमी ठेवल्या तर आठवड्याला तीन-साडेतीनशे ग्रॅम उतरतं. शर्यतीच्या आधीचे शेवटचे तीन आठवडे मात्र वजन उतरवणं बंद, पोटभर खायचं. रोजच्या ५ किमीऐवजी आठवड्यातून चार दिवस पळा, त्यातला एक दिवस लांब, आणि दोन दिवस स्क्वॉट, पुलअप, पाठीवर पिशवी घेऊन पायऱ्या चढणं. शर्यतीच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट चढायला आणि त्याहून जास्त उतरायला मांड्यांत ताकद लागते.

शर्यतीच्या दिवशीचं खाणं आत्तापासून सरावात आणा. सुरू होण्याच्या दोन-अडीच तास आधी ओळखीचं, कमी तेलाचं काहीतरी: दोन केळी आणि ब्रेड-जॅम, किंवा रव्याचा शिरा. पोहे चालतात, शेंगदाणे वगळून. सव्वा तासाच्या पुढचं पळणं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदक तोंडावाटे जायला हवं. एका मध्यम केळ्यात पंचवीसच्या आसपास असतं, एवढंच गुळाच्या मोठ्या खड्यात. चिक्की त्या वेळी नको, तिच्यातल्या तेलाने पोट जड होतं, ती पळून झाल्यावर खा. गस्तीवर खिशातल्या शक्करपाऱ्यांवर दिवस काढलेत तुम्ही, पण तेव्हा चाल होती. चढावर पळताना तळलेलं पचत नाही.

पेय घरीच करा. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट बारा चमचे, पाव चमचा मीठ, एक लिंबू. तुमची साखर वरच्या बाजूला आहे म्हणून हे फक्त लांब पळण्याच्या दिवशी आणि पळतानाच. किती प्यायचं हे काटा सांगेल. पळण्याआधी आणि नंतर कोरड्या कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे लिटरभर पाणी गेलं. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त, तुमच्या बाबतीत दीड किलोच्या वर, उतरू देऊ नका. पण पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर तो त्याहून मोठा धोका आहे. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं, माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो आणि आजूबाजूचे अजून पाणी पाजतात. तसं झालं तर पाणी थांबवून थेट दवाखाना.

आता डबा. मास गेनर नावाप्रमाणे वजन वाढवण्यासाठी असतो आणि तुम्हाला वजन उतरवायचंय. डब्यामागचा तक्ता वाचा. बहुतेकांत शंभर ग्रॅममध्ये प्रथिन पंधरा-वीस ग्रॅम आणि बाकी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे साखरेइतक्याच वेगाने रक्तात उतरणारं पीठ. ६.० एचबीएवनसी असलेल्या माणसाला कोणी हे सुचवावं याचा मला राग येतो. प्रथिनाची पावडर घ्यायचीच झाली, तर साधं व्हे (दुधाच्या निवळीतलं प्रथिन), ज्याच्या तीस ग्रॅमच्या चमच्यात बावीस-चोवीस ग्रॅम प्रथिन आहे, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि बॅच नंबर छापलेला आहे, आणि खरेदीचं बिल मिळतं. जिमच्या कपाटातून सुटं काही घेऊ नका. दुसरी एकच पावडर मी चाळिशीतल्या लोकांना कधीकधी देते, ती म्हणजे क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम, तेही वजन उचलायला सुरुवात केल्यावर. ती घेत असाल तर रक्त तपासताना डॉक्टरांना सांगा, क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर दिसतो.

"प्री-वर्कआउट" नावाच्या पुड्यांपासून तर दोघंही लांब राहा. डीएमएए हे उत्तेजक असलेली अशी उत्पादनं अमेरिकी लष्कराच्या दुकानांत खुलेआम मिळायची. दोन सैनिकांच्या मृत्यूनंतर २०११ च्या डिसेंबरमध्ये ती तिथून हटवली गेली. तेच रसायन, मिथाइलहेक्झानामिन या नावाने, दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी भारतीय खेळाडूंच्या नमुन्यांत सापडलं होतं. मुलगा पुढे सर्व्हिसेसच्या, म्हणजे सैन्यदलांच्या, खेळाच्या टीममध्ये गेला तर नाडाची (उत्तेजकविरोधी संस्थेची) चाचणी होईल. तिथे "डब्यात काय होतं मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही, शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो.

मुलाचं थोडक्यात सांगते, कारण त्याला फार काही लागत नाही. भरतीत १,६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले की पूर्ण ६० गुण. साडेपाच मिनिटांच्या पळण्याला एनर्जी ड्रिंकही लागत नाही आणि ग्लुकोजची पुडीही. त्याला लागतं ते रोजचं भरपूर जेवण, आठ तास झोप आणि हिमोग्लोबिन. या वयातल्या, दोन वेळा सराव करणाऱ्या मुलांत दम लागण्याचं कारण कितीतरी वेळा रक्त कमी असणं हेच निघतं. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. वाढीचं वय आणि दोन वेळचा सराव, त्यामुळे त्याची गरज तुमच्यापेक्षा हजार कॅलरींनी तरी जास्त आहे. एकाच घरात त्याच्या ताटात चार भाकरी आणि तुमच्या ताटात दोन, हे चालवून घ्यावं लागेल. भरतीच्या आदल्या रात्री मुलं स्टँडवर वडापाव खाऊन, उघड्यावर जागून, पहाटे रिकाम्या पोटी रांगेत उभी राहतात. त्याच्यासोबत घरचा डबा द्या: रात्री वरण-भात, पहाटे रांगेत दोन केळी, घोट घोट पाणी. मैदानाबाहेर कोणी गोळी किंवा इंजेक्शन देऊ करत असेल तर तिथून निघून यायचं, हे त्याला तुम्ही फौजी म्हणून सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकेल.

तुमच्या जोडीदाराला हाच आहार जसाच्या तसा देऊ नका. गुडघ्याखालचा पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे सहा टक्के भाग. त्यांचं वजन कृत्रिम पाय काढून ७२ भरत असेल, तर प्रथिनाचा आणि बीएमआयचा हिशेब साडेशहात्तर धरून करायचा. कृत्रिम पायावर चालायला जास्त ताकद लागते, म्हणून चालण्याच्या दिवशी त्यांना तुमच्याहून जास्त खावं लागेल. आणि त्यांनी वजन झपाट्याने बदलू देऊ नये, हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन-तीन किलो इकडेतिकडे झाले तरी सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) सैल किंवा घट्ट होतं, कातडी सोलते आणि आठवडे जातात. मणक्याला इजा झालेल्या सैनिकांचं नेमकं उलट असतं. पायांचे मोठे स्नायू थांबल्याने त्यांची कॅलरींची गरज बरीच उतरते, पण जखमा होऊ नयेत म्हणून प्रथिन भरपूर लागतं, आणि घाम नीट येत नसल्याने उन्हात शरीर लवकर तापतं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. जोडीदाराला चालण्याबरोबर पोहणंही सुचवून बघा, पाण्यात उरलेल्या पायावर आणि कमरेवर भार येत नाही.

येत्या पंधरा दिवसांत एवढंच करा. घरातला साखरेचा चमचा मोजा. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, ९० सेंमीच्या किती वर आहे ते लिहून ठेवा. दर रविवारी सकाळी रिकाम्या पोटी वजन. आणि एका दिवसपाळीच्या, एका नाइटच्या दिवसाचं सगळं खाणं-पिणं, चहासकट, वहीत लिहा. ईसीएचएसचे रिपोर्ट आले की ते आणि ही वही दोन्ही पाठवा, पुढच्या चार महिन्यांचं रोस्टर त्यावरून बनवू.